कॉलेज जूनमध्ये, कडा नोव्हेंबरमध्ये

साताऱ्याला शिकायला यायचं आणि सुट्टीच्या दिवशी कडे चढायचे, असा बेत करून येणारा विद्यार्थी बहुधा चुकीच्या महिन्यात येतो. त्यात त्याचा दोष नाही, प्रवेशच जून-जुलैत होतात. एसटीतून उतरून मान वर केली तर अजिंक्यतारा अर्धाच दिसतो, वरचा अर्धा ढगात. सॅकमध्ये कोरा हार्नेस (दोर बांधायचा कमरेचा पट्टा), आणि समोर कातळावरून पाण्याच्या रेघा ओघळताहेत. तो कातळ हात लावण्याजोगा कोरडा व्हायला दिवाळी उलटावी लागते. तोवर पहिल्या सेमिस्टरची परीक्षा दाराशी येऊन उभी असते.

इथल्या राहण्याची सगळी गोम या दोन वेळापत्रकांत आहे. विद्यापीठाचं वर्ष जूनला सुरू होतं, कड्याचं नोव्हेंबरला. ज्याला हे पहिल्याच पावसात उमगतं त्याची पुढची वर्षं मजेत जातात. ज्याला उमगत नाही तो ऑगस्टमध्ये शेवाळलेल्या धोंड्यावरून घसरून मनगट मोडून घेतो, नाहीतर कंटाळून हार्नेस खुंटीला टांगतो, तो तिथंच राहतो.

गाव उतारावर वसलेलं आहे. गड दक्षिणेला, वस्ती त्याच्या उत्तरेच्या पायथ्याशी. राजवाडा आणि पोवई नाका यांना जोडणारे दोन रस्ते: वरचा आणि खालचा. पाट्यांवर राजपथ आणि कर्मवीर पथ लिहिलेलं असतं, पण रिक्षावाल्याला ‘वरच्या रस्त्यानं घ्या’ म्हटलं की पुरतं. खालच्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे त्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये इथं छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं. ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्या कॉलेजाच्या पायातच आहे. दोराचे आणि बुटांचे पैसे घरून मागायची लाज वाटणाऱ्यानं तिची चौकशी जरूर करावी. हेल्मेट, हार्नेस आणि चढाईचे बूट या तीन वस्तू चांगल्या प्रतीच्या घेतल्या तर साधारण एका सेमिस्टरच्या मेसइतका खर्च येतो. दोर चौघांत मिळून घ्यावा.

खोली बघताना बाहेरून येणारी मुलं भाडं आणि वायफाय विचारतात. डोंगराळ गावात आधी भिंतीला हात लावून बघायचा. उताराला टेकून बांधलेल्या इमारतींत तळमजल्याची मागची भिंत मातीत असते आणि आषाढात ती घामेजते. पुस्तकांना बुरशी, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी, बुटांच्या आतल्या तळव्याला बुरशी. पहिला किंवा दुसरा मजला, एक तरी खिडकी पूर्वेला आणि दोर टांगण्यापुरती छपराखालची गॅलरी एवढं मिळालं तर शंभर-दोनशे रुपये भाडं जास्त द्यायला हरकत नाही. राजवाडा, मंगळवार तळे, समर्थ मंदिर या अंगाला राहिलं तर डोंगर जवळ: समर्थ मंदिरापासून एक रस्ता यवतेश्वरचा घाट चढून कासला जातो, दुसरा बोगद्यातून सज्जनगड-ठोसेघरकडे. सदर बझार, गोडोलीकडे राहिलं तर पोवई नाका, एसटी स्टँड आणि बरीचशी कॉलेजं जवळ. रेल्वे स्टेशन माहुलीच्या बाजूला, गावाबाहेर. रात्रीच्या गाडीनं येणार असाल तर पुढच्या वाहनाचं आधी ठरवून ठेवा.

कॉट बेसिसच्या खोलीत सामान कुठं ठेवायचं, याकडे कुणी लक्ष देत नाही. दोर, स्लिंग (शिवलेल्या पट्ट्यांचे फास), हार्नेस हे सगळं बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टर. घाम, धूळ, पाणी यांनी ते लगेच मरत नाहीत, पण आम्लानं मरतात, आणि मेल्याचं वरून दिसत नाही. बहुतेक इमारतींत जिन्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी असते आणि मोकळी जागा म्हणून पोरं सॅक तिथंच टाकतात. बॅटरीतलं आम्ल किंवा त्याची वाफ लागलेला दोर रंगानं तसाच राहतो आणि भार आला की तुटतो. संडास धुवायचं ॲसिड ज्या मोरीत ठेवतात त्या मोरीतही दोर नको. उन्हात गच्चीवर आठवडाभर टांगलेला नको. खिळ्याला नको, रुंद लाकडी खुंटीला चालेल. सुती पिशवीत सैल भरून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला तर सगळ्यात उत्तम. मेसच्या वेळा लिहून ठेवता तशी दोराचीही एक वही असावी: कधी घेतला, किती दिवस वापरला, मोठा झटका कधी बसला. दर रविवारी वापरला जाणारा दोर एक-दोन वर्षांत बाद होतो. पिशवीतून न काढलेलाही दहा वर्षांवर कुणी वापरू नये.

मेसचाही एक नियम लक्षात राहू द्या: रविवारी संध्याकाळी ती बहुतेक ठिकाणी बंद असते, आणि कड्यावरून माणूस रविवारी संध्याकाळीच परततो. म्हणून शनिवारच्या डब्यातल्या दोन भाकऱ्या जादा मागून ठेवायच्या. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, कांदा. साताऱ्याचा कंदी पेढा खवा चांगला खरपूस भाजून केलेला असतो. त्यात पाण्याचा अंश कमी, त्यामुळं सॅकमध्ये दिवसभर राहिला तरी आंबत नाही. महागड्या एनर्जी बारला आमचं उत्तर हेच. पाणी मात्र माणशी तीन लिटर, हिवाळ्यातसुद्धा.

पावसाचे चार महिने पायांचे आणि गाठींचे. अजिंक्यतारा गावापासून तीनशे मीटरच्या आसपास उंच, आणि वर जायला डांबरी सडक आहे. पहाटे निम्मं सातारा तिथं चालायला येतं. आठवड्यातून तीन दिवस वर जा. पहिल्या पंधरवड्यात नुसते, मग पाठीवर दोन-दोन लिटरच्या तीन बाटल्या भरून. उतरताना मात्र त्या वर ओतून टाका: चढताना वजनानं दम वाढतो, उतरताना गुडघे झिजतात. बोटांचं काम सावकाश होतं. स्नायू दोन महिन्यांत तयार होतात, पण बोटांतल्या कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) वर्ष लागतं. बहुतेक नव्या पोरांची बोटं पहिल्या हिवाळ्यात याच फरकापायी दुखावतात. वीस मिलिमीटर जाडीची, कड घासून गोल केलेली लाकडी पट्टी दाराच्या वर घट्ट बसवा (घरमालकाला विचारून). दहा सेकंद लोंबकळणं, तीन मिनिटं विसावा, असं पाच वेळा, आठवड्यातून दोनदाच. बोटं उघडी ठेवा. वरून अंगठा दाबून मुडपलेली पकड पहिल्या वर्षी नकोच. दुखलं तर थांबा, ‘सवय होईल’ म्हणू नका.

गाठी पाचच शिकल्या तरी पुरे, पण त्या डोळे मिटून, ओल्या हातांनी आणि कुणीतरी शेजारी बडबडत असताना जमल्या पाहिजेत. हार्नेसला दोर बांधायला आठाची गाठ, तिचा माग काढत परत ओवलेली. शेपूट निदान वीतभर राहिलं पाहिजे. अँकरला, म्हणजे दोर अडकवायच्या पक्क्या आधाराला, क्लोव्ह हिच. बिलेचं, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून धरून ठेवायचं, साधन हातातून पडून दरीत गेलं तर मोठ्या कॅरॅबिनरवर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीवर) मुंटर हिच. दोन दोऱ्या जोडायला डबल फिशरमन. आणि भार आला की दोराला आवळून धरणारी प्रुसिक: दहा मिलिमीटरच्या दोरावर सहा मिलिमीटरची दोरी, तीन वेढे. वेढे दोनच घेतले किंवा दोरी जाड घेतली तर ती सरकते, फार बारीक घेतली तर आवळून बसते आणि सुटत नाही. खिडकीच्या गजाला बांधून हे सगळं ऑगस्टच्या पावसात घोटायचं. बांधल्यावर जोडीदारानं तपासायचं, आणि जोडीदाराचं आपण. दहा वर्षं चढणारी माणसंही बोलता बोलता गाठ अर्धी सोडून निघतात, म्हणून ही तपासणी माणसाच्या अनुभवावर सोडत नाहीत.

आता दगडाकडे. सातारा जिल्ह्यातले कडे दख्खनच्या लाव्ह्याचे, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास जुने. लाव्हा एकदम आला नाही, थरावर थर आले. दुरून डोंगर बघितला तर ते जिन्यासारखे दिसतात: सरळसोट काळा कडा, मग गवताळ पायरी, पुन्हा कडा. कडा म्हणजे घट्ट बेसॉल्ट. पायरी म्हणजे थराचा वरचा फसफसलेला, भोकाभोकांचा, पांढऱ्या स्फटिकांनी भरलेला ठिसूळ भाग, आणि कित्येक ठिकाणी दोन थरांच्या मधे लाल माती. पाणी वरच्या कातळाच्या भेगांतून झिरपत खाली येतं, लाल थर त्याला पुढं जाऊ देत नाही, म्हणून ते आडवं फुटून कड्याच्या तळाशी बाहेर पडतं. नोव्हेंबरात वरचा कडा खडखडीत वाळलेला आणि नेमकी सुरुवातीची दहा फुटं ओली, हे कोडं असं सुटतं. लाल मातीचं अंतरंग बघायचं असेल तर वाईजवळच्या कमळगडावरची गेरूची विहीर पायऱ्या उतरून बघून या. त्या भिंतीला बोट लावलं की बोट लाल होतं. असल्या थरात मेख (भेगेत ठोकायची धातूची पाचर) ठोकून उपयोग काय, ते मग वेगळं सांगावं लागत नाही. घट्ट बेसॉल्ट कसा असतो ते केंजळगडावर बघा. तिथं कातळ खोदून काढलेल्या पायऱ्या इतक्या वर्षांच्या पावसानंतरही टिकून आहेत.

घट्ट थरालाही भेगा असतात, बहुतेक उभ्या. लाव्हा थंड होताना आकसला त्याच्या त्या खुणा. त्यामुळं कड्याचा पृष्ठभाग ठोकळे रचल्यासारखा असतो, आणि काही ठोकळे खरोखरच नुसते रचलेले असतात. पकड धरण्याआधी तळव्यानं थोपटायची. खणखणीत आवाज आला तर दगड डोंगराचा. ढबढब वाजला तर तो पाहुणा, कधीही निघेल. ओढायचीच वेळ आली तर बाहेर ओढू नका, खाली दाबा. गवताच्या झुबक्याला हात घालायचा मोह सगळ्यांना होतो. पावसाळ्यात मुळं ओली असताना तो झुबका थोडा तरी धरतो, पण डिसेंबरात वाळल्यावर मातीसकट हातात येतो. पायाखालच्या बारीक मुरमाला इथं घसारा म्हणतात. कड्यापेक्षा कड्याकडे जाणाऱ्या घसाऱ्यावर जास्त माणसं घसरतात, कारण तिथं कुणी दोर लावत नाही.

यवतेश्वरपासून कासपर्यंतच्या पठारावरचा जांभा हा निराळा प्राणी. भोकाभोकांचा, त्यामुळं पकडी पाहिजे तेवढ्या, आणि नवशिक्याला तो सोपा वाटतो. पण जांभ्याची भोकं बोटांची सालं काढतात, कडा भसकन तुटतात आणि त्यात ठोकलेली मेख किंवा अडकवलेला चोक (भेगेत बसवायचा धातूचा ठोकळा) भारानं माती खरवडत बाहेर येतो. जमिनीपासून चार-पाच फुटांवर आडवं सरकायचा सराव जांभ्यावर करा, दोर लावून उंच जाऊ नका. शिवाय कासचं पठार ही वनखात्याची जागा आणि जागतिक वारशात २०१२ पासून नोंदलेल्या पश्चिम घाटाचा भाग. फुलांच्या दिवसांत तिथं वाट सोडून पाय ठेवायचा नसतो. बाकीच्या महिन्यांतही त्या पातळ मातीत बिया आणि कंद निजलेले असतात. तिथं पडल्यावर लागू नये म्हणून गादी टाकून दगडांवरून उड्या मारणाऱ्यांबद्दल आम्हाला फार प्रेम नाही.

कुठला कडा कधी वाळतो, हे पावसाच्या नकाशावर ठरतं, आणि साताऱ्याचा पाऊस एका जिल्ह्यात दोन देशांचा आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या माण-खटावात पाचशेच्या आसपास. म्हणजे पश्चिमेकडे कास-बामणोलीच्या अंगाला ऑक्टोबरात पाणी झिरपत असतं, तेव्हा पूर्वेकडच्या जरंडेश्वर, कल्याणगड, चंदन-वंदन, वर्धनगड या डोंगरांचा कातळ वाळत आलेला असतो. हंगाम पूर्वेला सुरू करा आणि पश्चिमेकडे सरकत जा. जानेवारीत उलटा विचार: ऊन कुठल्या बाजूला पडतं. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, म्हणून उत्तरेचे कडे दिवसभर सावलीत, गार आणि पकडीला छान. दक्षिणेचे कडे सकाळी नऊपर्यंत गोड, अकराला तापायला लागतात. मार्चमध्ये दक्षिणेच्या कातळावर दुपारी तळवा ठेवून बघा, पुन्हा ठेवणार नाही. एक मोठी सर पडून गेली तर निदान दोन-तीन कडक उन्हं खाल्ल्याशिवाय कड्याला हात लावायचा नाही. वरून कोरडं दिसतं, पण काळ्या बुरशीचा थर ओला असतो आणि त्यावर चांगल्यातला चांगला रबरी तळवाही साबणावर ठेवल्यासारखा सरकतो.

अजिंक्यताऱ्याचा उत्तरेचा कातळ सावलीत असतो, गावापासून पंधरा मिनिटांवर असतो, म्हणून नव्या मंडळींचा पहिला डोळा त्याच्यावर जातो. तिथं चढू नका. खाली घरं आहेत. मुठीएवढा दगड निसटला तरी तो उतारावर उड्या घेत कुठल्या अंगणात जाईल सांगता येत नाही. या डोंगराला तशी सवय जुनी आहे: १७०० साली औरंगजेबाच्या वेढ्यात मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले, आणि दुसऱ्या सुरुंगानं उडालेला तट आतल्या मावळ्यांऐवजी बाहेर हल्ल्याला उभ्या असलेल्या मोगल सैन्यावरच कोसळला. अजिंक्यतारा पायांसाठी, दोरासाठी नाही. तीच गोष्ट सगळ्या गडांच्या तटबंदीची. रचलेल्या चिऱ्यांत मेख ठोकणं गुन्हा आहेच, त्याआधी तो मूर्खपणा आहे, कारण चिरा सुटा असतो. सज्जनगडासारख्या ठिकाणी रोज भाविकांची ये-जा असते, तिथं पायऱ्यांच्या वरच्या कातळाला हात लावायचा नाही. वासोटा कोयना अभयारण्यात आहे. तिथं जायला बामणोलीकडून वनखात्याची परवानगी आणि कोयनेच्या जलाशयातून बोट, मुक्कामाला मनाई. चढाईसाठी तो नाहीच. तिथला बाबू कडा डोळे भरून बघावा आणि परत यावं.

मग चढायचं कुठं? गावोगावी डोंगराच्या सोंडेवर वीस-पंचवीस मीटरचे कातळटप्पे आहेत, वर सपाटी असलेले, खाली वस्ती नसलेले. अशा ठिकाणी वरून दोर लावून चढणं, म्हणजे टॉप रोप, पहिली दोन वर्षं हाच प्रकार. गावात आधी जा. ‘मामा, त्या कपारीत मोहोळ हाय का?’ असं गुराख्याला विचारलं की पाच मिनिटांत जी माहिती मिळते ती कुठल्याही नकाशात नसते: यंदा कुठला दगड खाली आला, पाणी कुठं टिकतं, रान कुणाचं. खाजगी रान असेल तर मालकाला, वनखात्याचं असेल तर वनरक्षकाला विचारा. बारीकसारीक गोष्ट वाटते, पण अपघात झाला की सगळ्यात आधी हेच गाव धावून येतं.

टॉप रोपचा हिशोब सोपा आहे आणि तरी चुकतो. वीस मीटरचा टप्पा असेल तर दोर वर जाऊन परत खाली यायला चाळीस मीटर, त्यात गाठी, अँकरपर्यंतचं अंतर आणि बिले करणाऱ्याची जागा धरून पाच-सहा. म्हणजे साठ मीटरचा, दहा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा डायनॅमिक, म्हणजे ताणला जाणारा, दोर आरामात पुरतो, पन्नासचा काठावर. अँकरसाठी वेगळा स्टॅटिक दोर, पंचवीस-तीस मीटर. स्टॅटिक ताणला जात नाही म्हणून तो अँकरला आणि उतरायला. पडणाऱ्याला झेलायला मात्र ताणला जाणाराच हवा. स्टॅटिक स्वस्त मिळाला म्हणून त्यावर लीड करणाऱ्याच्या, म्हणजे वरून दोर नसताना पहिला चढणाऱ्याच्या, कमरेला सगळा झटका एका क्षणात बसतो. डायनॅमिक दोर तोच झटका ताणून लांबवतो.

अँकरला दोन तरी वेगवेगळे आधार हवेत, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसलेले. झाड असेल तर जिवंत, मांडीपेक्षा जाड, आणि दोर बुंध्याच्या तळाशी. कड्याच्या माथ्यावर माती वीतभरच असते आणि झाडाची मुळं पसरट, त्यामुळं दिसायला मोठा वृक्षही एका अंगाला ओढला की गड्ड्यासकट कलतो. धोंडा असेल तर म्हशीएवढा, जमिनीत रुतलेला, तिघांनी ढकलून न हलणारा. मेख ठोकताना कान द्या: घाव पडत जातात तसा स्वर चढत गेला पाहिजे. स्वर उतरला किंवा बद्द झाला की आत पोकळी आहे, मेख काढून दुसरी भेग शोधा. कातळात भोक पाडून बसवलेले जुने गंजलेले बोल्ट ठिकठिकाणी भेटतात. ते कुणी, कधी, किती खोल मारले हे माहीत नसतं. बोटानं फिरले तर विषय संपला, नाही फिरले तरी एकट्या त्याच्यावर जीव टांगू नका. दोन आधारांपासून येणाऱ्या दोरांमधला कोन साठ अंशांच्या आत ठेवा. साठला प्रत्येक आधारावर भाराचे अठ्ठावन्न टक्के येतात, नव्वदला एकाहत्तर, आणि एकशेवीसला दोघांवरही पूर्ण शंभर. मग दोन आधार घेऊन मिळवलं काय? दोर जिथं काठावरून खाली वळतो तिथं गोणपाटाच्या चार घड्या घाला, आणि त्या गोणपाटाला दोरीनं बांधा, कारण वारा ते उडवतो. मुख्य कॅरॅबिनर काठाच्या खाली लोंबता ठेवायचा, दोन घ्यायचे, तोंडं विरुद्ध दिशांना, दोन्ही स्क्रू आवळलेले. हे सगळं करणारा माणूस काठावर वाकतो, तेव्हा तो स्वतः बांधलेला असला पाहिजे. नेमका तोच विसरतो.

खाली बिले करणाऱ्याचा ब्रेकचा हात दोरावरून सुटता कामा नये. मोबाईल सॅकमध्ये. उभं राहायचं कड्याजवळ, पण चढणाऱ्याच्या बरोब्बर खाली नाही. वरून दगड सुटला की ‘दगड!’ अशी आरोळी, आणि खालच्यांनी वर बघायचं नाही, कातळाला चिकटायचं. ‘स्लॅक’ (दोर सैल दे) आणि ‘टाइट’ (दोर ओढून घे) हे शब्द वाऱ्यात सारखेच ऐकू येतात, म्हणून प्रत्येक जोडीनं आपले शब्द आधी ठरवून ठेवावेत. ‘सोड’ हा शब्द तर कड्यावर वर्ज्यच करावा. चढणारा ‘सोडू नको’ म्हणतो आणि वाऱ्यानं ‘नको’ उडवून नेलं की काय उरतं ते उघड आहे.

चढण्यापेक्षा उतरण्यात घात जास्त. रॅपलिंग, म्हणजे दोरावरून घसरत उतरणं, सोपं वाटतं, फोटो चांगले येतात, आणि माणूस थकलेला असतो. दोन्ही टोकांना गाठी मारल्या नाहीत आणि एक टोक आखूड राहिलं की माणूस दोर संपल्यावरही खाली जात राहतो. साधनाच्या खाली दोरावर प्रुसिक लावून ती हार्नेसला जोडली तर हात सुटला तरी तो थांबतो. लांब केस, ओढणी, जॅकेटची दोरी साधनात ओढली जाते आणि मग हवेत लोंबकळत कात्री शोधावी लागते. वेणी आत, ओढणी सॅकमध्ये.

आग्या मोहोळाबद्दल मात्र कितीही लिहिलं तरी कमीच. आपल्या कड्यांच्या पुढं आलेल्या भुवयांखाली पाऊस सरला की ही पोळी लागतात आणि उन्हाळ्यापर्यंत असतात, म्हणजे नेमके चढाईचे दिवस. पायथ्याशी पोचल्यावर आधी दहा मिनिटं नुसतं बघायचं: दुर्बिणीनं, कपारीकपारीत. अर्धवर्तुळाकार काळा पडदा, त्यावर उठणारी लाट. तो दिसला की त्या भिंतीला नमस्कार करून दुसरीकडे. सेंट, डिओ, तेलाचा वास, चुलीचा धूर, आरडाओरडा, मेखेवरचे घाव, यातलं काहीही त्यांना उठवतं. सपाटीवर असाल तर हात न झटकता, तोंड कापडानं झाकून, जमेल तितक्या लांब पळा. दोरावर असाल तर पळता येत नाही, आणि माणसं तिथंच दगावतात. बिले करणाऱ्यानं स्वतःला चावे बसत असतानाही चढणाऱ्याला खाली आणायचं असतं, म्हणून त्याच्याजवळ नेहमी एक चादर किंवा पोंचो असावा. काटे चिमटीत धरून उपटू नका, नखानं खरवडून काढा. चावे खूप असतील, किंवा चेहरा सुजून श्वास जड झाला, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून थेट सिव्हिल. ११२ वर फोन करताना गावाचं आणि पायथ्याच्या वस्तीचं नाव सांगा, कड्याचं नाही. कड्याचं नाव फक्त तुम्हालाच माहीत असतं.

भेगेत हात घालण्याआधी डोकावून बघायचं, कारण तिथं फुरसं असतं. दीड-दोन वीत लांबीचं, मातीच्या रंगाचं, अंगाची खवली घासून करवतीसारखा आवाज करणारं. दवाखान्यात मिळणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. दंश झालेला हात न बांधता, न कापता, हलू न देता दवाखाना गाठायचा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत परीक्षा मधे येते, हे खरं. पण परीक्षा संपल्यापासून संक्रांतीपर्यंतचे तीन-चार रविवार वर्षातले सगळ्यात चांगले असतात. थंडीनं पकड पक्की, हवा कोरडी, रात्र मोठी. तेवढे दिवस गावी जाण्याच्या बेतातून वाचवले तर वर्ष सार्थकी. कुणाला लांब जायचं असेल तर कर्नाटकातलं बदामी आहे, तिथल्या तांबड्या वालुकाश्मावर ठोकलेल्या बोल्टच्या कितीतरी वाटा आहेत. बेसॉल्टवर शिकलेल्याला तिथं गेल्यावर प्रत्येक पकड थोपटायची सवय जात नाही, आणि ती जाऊही नये.

एप्रिलमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग चढतात आणि कड्याचा माथा ही विजेची आवडती जागा. दोनच्या आत खाली. मे उजाडला की दोर बाहेर काढायचा, कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणानं धुवायचा, डिटर्जंट किंवा ब्लीच नाही. मग हातातून इंच-इंच सरकवत बघायचा: कुठं मऊ पडलाय, कुठं चपटा झालाय, कुठं आतला पांढरा गाभा दिसतोय. शंका आली तिथं कापायचा. टोकाजवळ असेल तर उरलेला आखूड दोर अजून चालतो, मधोमध असेल तर त्याच्या आठवणी ठेवायच्या आणि कपडे वाळत घालायला वापरायचा. धुतलेला दोर सावलीत, गॅलरीत, सैल वेढ्यांनी दोन-तीन दिवस वाळवायचा. मृगाच्या आधी हे उरकलं पाहिजे. एकदा पाऊस लागला की साताऱ्याच्या खोलीत साठ मीटर दोर ऑक्टोबरपर्यंत वाळत नाही.